केम, शून्य दिवस

फोन उचलला की ते 'हॅलो' म्हणत नसत. "बोला, कंट्रोल," म्हणत आणि लगोलग किती वाजले ते सांगत. "अकरा सतरा." मग थांबत. पलीकडच्यानं आपलं घड्याळ बघून "हो, अकरा सतरा" म्हटल्याशिवाय बोलणं पुढं सरकत नसे. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा माझ्या घड्याळात अकरा पंधरा झाले होते आणि मी तसं सांगितलं. "तुमचं घड्याळ दोन मिनिटं मागं आहे ताई. आधी ते लावा, मग फोन करा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी बांधकामाची कंत्राटं घेते. लोक माझा फोन ठेवत नाहीत, मी त्यांचा ठेवते. पण गरज माझी होती, म्हणून घड्याळ लावलं. त्यांच्यावरचा माझा राग तिथूनच सुरू होतो.

ते रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. कंट्रोलर म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, त्यांनीच सांगितलं. खिडकी नसलेली खोली. टेबलावर पलंगपोसाएवढा कागद. कागदावर आडवे तास आणि उभी स्टेशनं. प्रत्येक गाडी म्हणजे पेन्सिलची एक तिरकी रेघ. स्टेशन मास्तर फोनवर सांगणार, गाडी गेली. इकडं रेघ पुढं सरकणार. लाइन तेव्हा एकेरी होती. समोरासमोरच्या दोन रेघा जिथं भेटणार तिथं एका गाडीला थांबवायचं आणि दुसरीला सोडायचं. कुणी थांबायचं ते हे ठरवणार.

"बाळं, पाकणी, मुंढेवाडी, मोहोळ, मलिकपेठ, अनगर, वाकाव, माढा..." ही नावं ते अशी म्हणत की ऐकणाऱ्याला पेंग यावी. डोळे मिटलेले, आणि उजव्या हाताचं बोट हवेत तिरकी रेघ ओढत असायचं. तेहतीस वर्षं त्यांनी या गावांच्या गाड्या थांबवल्या आणि सोडल्या. पण त्यातल्या एकाही गावाच्या फलाटावर ते कधी उतरले नव्हते. एक्सप्रेसमधून जाताना खिडकीतून दिसलं असेल तेवढंच.

निवृत्तीनंतर एकदा भाच्याच्या साइटवर त्यांनी भिंतीला चिकटवलेलं कामाचं वेळापत्रक बघितलं. कॉम्प्युटरवर काढलेलं. एकाखाली एक आडव्या निळ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी म्हणजे एक काम, आणि एका पट्टीच्या शेपटापासून दुसरीच्या तोंडापर्यंत बाण. बराच वेळ बघून ते भाच्याला म्हणाले, "हा तर आमचाच चार्ट. फक्त गाड्या आडव्या झोपवल्यात." मग ते त्या सॉफ्टवेअरच्या क्लासला गेले. कॉलेजच्या पोरापोरींत, डबा घेऊन. हल्ली आमच्याकडं कुठलंही बरं काम घ्यायचं तर असं वेळापत्रक करून द्यावं लागतं. करणारे पुष्कळ आहेत. ते बिघडलं की नीट करणारा सोलापुरात हा एकच माणूस, असं मला तिघांनी सांगितलं.

माझं बिघडलं ते एका अमावास्येला.

शहराबाहेर एका शिक्षणसंस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम मला मिळालं होतं. पंधरा जूनला शाळा सुरू होताना इमारत ताब्यात द्यायची, आणि दिली की शेजारची दुसरी, मोठी इमारत मलाच, असा संस्थेच्या अध्यक्षांचा शब्द होता. माझी आई कुंभारीला विड्या वळायची. मी सुरुवात केली ती स्लॅबखाली लावायचे सेंट्रिंगचे पत्रे भाड्यानं देण्यापासून. वाकलेला पत्रा परत आला की रस्त्यात उभी राहून भांडायची. गावातले मोठे बिल्डर अजूनही माझ्या पाठीमागं 'पत्रेवाली' म्हणायचे. दुसरी इमारत झाली असती तर म्हणाले नसते. माझं सगळं त्या पंधरा जूनवर अडकलं होतं.

तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबचा दिवस. मी तीन दिवस लोखंडाच्या भावासाठी पुण्यात होते आणि सकाळी थेट साइटवर उतरले. पंप लागलेला, तयार काँक्रीटचे दोन मिक्सर दारात गरगरतायत, आणि वर चिटपाखरू नाही. सकाळचं कोवळं ऊन रिकाम्या लोखंडी जाळीवर पडलं होतं, आणि ते दोन ड्रम आपले फिरतायत, फिरतायत, जणू जगात दुसरं काही घाईचं नाहीच. मी यल्लप्पा मिस्त्रीला फोन लावला.

"मिस्त्री, कुठं मेलात सगळे? काँक्रीट दारात आलंय!"

"घरीच हाय की ताई. आज आवस न्हाय का."

"मग सांगायचं नाही काल?"

"आवस काय सांगायची गोष्ट हाय व्हय ताई? ती येतीच की."

आमच्याकडं गवंडी आणि सुतार अमावास्येला हत्याराला हात लावत नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत, म्हणून मी माझ्या इंजिनिअरला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, वेळापत्रकात दर महिन्याला अमावास्येची सुट्टी टाक. तो बाहेरगावचा. त्यानं पहिली अमावास्या बघितली आणि तिथून दर तीस दिवसांनी एक सुट्टी अशी ओळ टाकून दिली. चंद्राला पुरते तीस दिवस लागत नाहीत. अर्धा दिवस इकडं, अर्धा तिकडं, असं करत आठ महिन्यांत कॉम्प्युटरची अमावास्या खऱ्या अमावास्येच्या चार दिवस पुढं निघून गेली. इंजिनिअर निवांत होता, कारण त्याच्या पडद्यावर आवस सोमवारी होती.

काँक्रीट वाट बघत नाही. मी, इंजिनिअर, दोन्ही ड्रायव्हर आणि वॉचमनची बायको अशा पाच जणांनी फावडी घेतली आणि ते सगळं इमारतीच्या मागच्या बाजूला ओढून त्याची पायवाट केली. ती वाट आजही आहे. वरून ट्रक गेला तरी तडकणार नाही इतकी जाड. जाते कुठं, तर धुण्याच्या दगडापर्यंत.

पंप पुन्हा मिळायला अकरा दिवस गेले. इंजिनिअरनं ते अकरा दिवस वेळापत्रकात भरले. शेवटची तारीख तरीही पंधरा जूनच. मग पाण्याची टाकी लांबली, तेही भरलं. पंधरा जून. इंजिनिअर खूश. म्हणाला, "मॅडम, सॉफ्टवेअरनं सगळं सावरून घेतलं."

मी बाजारात वाढलेली बाई. फुकटात कुणी काही सावरून घेत नाही हे मला कळतं. म्हणून मी घड्याळ लावलं आणि त्यांना पुन्हा फोन केला.

रेल्वे लाइन्सच्या अलीकडं त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत टेबल, टेबलावर लॅपटॉप, चार रंगांच्या पेन्सिली, आणि खिळ्याला पंचांग. दुपारची वेळ. पंखा इतका हळू फिरत होता की पाती मोजता यावीत. मी लॅपटॉपकडं बोट केलं तर त्यांनी तो मिटून बाजूला सरकवला.

"आधी काम सांगा."

"सगळं फाइलीत आहे काका."

"फाइलीत पट्ट्या आहेत. काम तुम्ही सांगा."

मग ते डोळे मिटून बसले आणि मी सांगायला लागले. खोदाई झाली. "मग?" पाया भरला. "मग?" कॉलम उभे केले. "मग?" लहान मूल गोष्ट ऐकताना म्हणतं तसं. अधूनमधून लांब कुठंतरी शंटिंगचा आवाज यायचा. मी खिडक्यांच्या चौकटींपर्यंत आले आणि ते म्हणाले, "मग?" आणि मला सांगता येईना. चौकटी आल्या, बसवल्या, पण त्यामुळं पुढं काय सुरू होतं हे माझ्या तोंडी येईना. त्यांनी डोळे उघडले आणि लाल पेन्सिलीनं कागदावर एक फुली मारली.

"जिथं तुमचं 'मग' तुटतं तिथं फाइलीतला बाणही तुटलेला असतो. हे काम एक महिना उशिरा झालं तरी कॉम्प्युटर गप्प बसणार. त्याला कळायचंच नाही कुणाचं अडतंय. प्रत्येक कामाला आई पाहिजे ताई, आणि लेक पाहिजे. अनाथ काम ठेवू नका."

अशा सात फुल्या निघाल्या. लॅपटॉप उघडला तेव्हा फाइलीत नेमक्या त्याच सात जागी बाण नव्हते. मी रागीट आहे, पण आंधळी नाही.

आणि मग त्यांनी तो खिळा काढला. खिळा हा त्यांचा शब्द. शेवटच्या कामाच्या खिडकीत एक रकाना असतो, त्यात 'अमुक तारखेलाच संपलं पाहिजे' असं घालता येतं. घातलं की मागं काहीही होवो, ती तारीख हलत नाही. "हा कुणी ठोकला?" त्यांनी विचारलं. इंजिनिअर माझ्याकडं बघायला लागला. पहिल्या दिवशी मीच त्याला म्हटलं होतं, पंधरा जून म्हणजे पंधरा जून, ठोकून टाक.

त्यांनी खिळा काढला. पडद्यावर सगळ्या पट्ट्या एकदम उजवीकडं सरकल्या. पत्त्यांचा बंगला कोसळावा तशा नाही. हळू, एकामागून एक, धुक्यात गाडी सुटावी तशा. आणि शेवटची तारीख बावीस जुलैला जाऊन थांबली.

"मी तुम्हाला नीट करायला बोलावलं," मी ओरडले, "तुम्ही मोडून ठेवलंत!"

"मोडलेलंच होतं. मी दाखवलं."

त्यानंतर तीन दुपारी ते बसले. पंचांग मांडीवर घेऊन एकेक अमावास्या हातानं भरली. गवंडी मंगळवारी बाजाराला अर्धा दिवस जाणार, लोखंडवाले शुक्रवारी नमाजाला जाणार, हे प्रत्येक टोळीचं वेगळं कॅलेंडर केलं. कॉम्प्युटर आपला रविवार धरून बसला होता, आणि रविवारी तर माझी माणसं कामावर असतात. काही कामं शेजारी शेजारी लावली, एका टोळीच्या दोन केल्या. बावीस जुलैची तारीख मागं मागं आली आणि तीन जुलैवर थांबली.

"तीस जून करा," मी म्हटलं.

"होत नाही."

"बरं, एक तारीख. माझंही राहू दे, तुमचंही राहू दे."

ते हसले. "ताई, मी भाजीवाला नाही. भाव करायचाच तर काँक्रीटशी करा. बघा दोन दिवस आधी वाळतंय का."

त्यांच्या मेहनतान्याचा भाव मात्र मी केला. त्यांनी पैसे नको म्हणून सांगितलं. म्हणाले, मला एकदा केमला न्या. केम करमाळ्याच्या बाजूचं गाव, कुंकवासाठी प्रसिद्ध. सोलापूरहून शंभरेक किलोमीटर तरी असेल. मी म्हटलं, "रेल्वेचा पास असेल की तुमच्याकडं." तर म्हणाले, "गाडीत बसून नाही जायचं. फलाटावर बसून गाडी येताना बघायची आहे." मला तो म्हातारपणाचा चळ वाटला. मी म्हटलं, बाळ्याला नेते, पाच मिनिटांवर आहे. नाही. मोहोळला? नाही. शेवटी ठरलं ते असं: आत्ता माढा, आणि इमारत ताब्यात दिली की केम. त्यांनी लगेच माझ्या फाइलीत सगळ्यात खाली एक काम वाढवलं. नाव 'केम'. मुदत शून्य दिवस. आई: इमारतीचा ताबा.

"याला लेक नाही," मी टोमणा मारला. "अनाथ ठेवू नका म्हणता ना?"

"शेवटच्या स्टेशनाला नसते," ते म्हणाले.

त्यांच्या अशा किती गोष्टी आठवतात. माणूस 'नव्वद टक्के झालं' म्हणाला की ते चिडायचे. "गाडी नव्वद टक्के पोचली म्हणजे कुठं आहे? स्टेशन सांगा!" एकदा कॉम्प्युटर हटूनच बसला. फरशीचं काम नळाच्या कामावर अडलंय आणि नळाचं काम फरशीवर, तेव्हा मी पुढं जाऊ शकत नाही, असा निरोप पडद्यावर. इंजिनिअर एक बाण पुसून मोकळा होणार होता. यांनी त्याचा हात धरला. "एका लाइनीवर दोन गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या आहेत. पुसून काय होणार? जाऊन बघू." साइटवर जाऊन बघितलं तर फरशीवाला आणि नळवाला साडू निघाले. कुठल्याशा लग्नात आहेर परत केल्यापासून बोलत नव्हते. दोघंही इंजिनिअरला एकच सांगत, "त्याचं झालं की माझं." यांनी दोघांना समोरासमोर बसवलं, एका कपातला चहा दोन बशांत ओतला आणि म्हणाले, "एकजण बाजूच्या लूप लाइनला जा, दुसऱ्याला पुढं जाऊ दे. कोण जातो?" नळवाला हसला आणि गेला. गाडी सुटली.

माढ्याला गेलो ती दुपार मला कधी कधी स्वप्नासारखी वाटते. आजूबाजूला ऊस, आणि मध्ये ते छोटं स्टेशन. ते फलाटावर उतरले आणि एका चिंचेखाली उभे राहिले. "इथं चिंच आहे हे मला माहीत नव्हतं," म्हणाले. "तेहतीस वर्षं. किती गाड्या मी इथं तासन्‌तास थांबवल्या. चला, लोकांना सावली तरी होती." मग एक मालगाडी आली. डबे मोजत मोजत ते ओठ हलवत राहिले. ती गेल्यावर रूळ बराच वेळ गुणगुणत होते आणि आम्ही दोघं ते ऐकत होतो. मी आयुष्यात कधी अशी बसले नव्हते. मला वाटलं, हा माणूस माझा आहे.

म्हणूनच पुढचं मला जास्त लागलं.

मार्चमध्ये संस्थेची बैठक होती. दुसरी इमारत कुणाला द्यायची ते त्यात ठरणार. मी त्यांना म्हटलं, "काका, या एका बैठकीपुरता खिळा परत ठोका. पडद्यावर पंधरा जून दिसू दे. दुसरं काम हातात आलं की मी दिवसरात्र माणसं लावून काय ते बघते." ते काही बोलले नाहीत. माझ्या धंद्यात समोरचा गप्प बसला की सौदा झाला असं धरतात.

बैठकीला अध्यक्ष होते, दोन विश्वस्त होते, आणि शाळेच्या मुख्याध्यापिका. पडदा उजळला. सगळ्यात खाली, ठळक अक्षरात: तीन जुलै.

मी त्यांच्याकडं बघितलं. ते पडद्याकडं बघत होते.

"हे काय?" अध्यक्ष म्हणाले. "पंधरा जूनचं ठरलं होतं ना बाई?"

माझ्याआधी तेच बोलले. "ही ताईंची फाइल आहे साहेब. त्यांनी प्रत्येक काम मला तोंडानं सांगितलंय. तीन जुलैच्या आधी होत नाही, आणि तीन जुलैच्या पुढं जाणार नाही."

मुख्याध्यापिकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाल्या, "बरं झालं आत्ताच सांगितलंत. मुलींची अठरा दिवसांची सोय करते मी. जूनमध्ये कळलं असतं तर कुठं ठेवलं असतं त्यांना?" त्या मनापासून म्हणाल्या, हे मला आज कळतं. तेव्हा ती थप्पड वाटली. दुसरी इमारत पंधरा दिवसांनी एका मोठ्या बिल्डरला गेली. त्यानं त्यांना हवी ती तारीख दिली होती.

परत येताना गाडीत मी गप्प होते आणि ते बोलत होते. सहसा उलट असायचं.

"ताई, एकदा मी खिळा ठोकलाय," ते म्हणाले. "तेव्हा वरचे साहेब चार्ट बघायला यायचे. रेघ सरळ दिसली पाहिजे. पॅसेंजर मागं अडकली होती, मी पेन्सिल टायमावरच ठेवली, म्हटलं घेईल भरून. दुपारी केमहून मास्तरचा फोन आला. एक बाई आहे, अवघडलेली, सोलापूरला न्यायचीय. पॅसेंजर टायमात आहे ना, नाहीतर जीप करतात. मी कागदाकडं बघितलं. रेघ सरळ होती. मी म्हटलं, टायमात. गाडी दोन तास दहा मिनिटांनी पोचली."

"मग?" माझ्या तोंडून निघालं. त्यांचाच शब्द.

"तेच तर माहीत नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर मास्तर रजेवर. बदलीवरच्याला काही ठाऊक नाही. मग मास्तरची बदली झाली. पुढचं 'मग' मला मिळालंच नाही."

मी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "तुमच्या केमच्या बाईसाठी माझी इमारत घालवलीत तुम्ही. आता केम विसरा."

त्यांना दारात सोडलं. इमारत मी तीन जुलैला ताब्यात दिली. दोन जुलैला नाही, चार जुलैला नाही. त्यांचं बरोबर आलं म्हणून माझा राग कमी झाला नाही, वाढला.

चार वर्षं मी त्यांना फोन केला नाही. पण फाइल त्यांचीच वापरते. प्रत्येक नवं वेळापत्रक त्या जुन्या फाइलीवरून होतं, कारण त्यात टोळ्यांची कॅलेंडरं आहेत, अमावास्या आहेत. त्यांनी त्या वेळी पुढच्या कितीतरी वर्षांच्या भरून ठेवल्यात, कुठून काढल्या देव जाणे. आणि दर वेळी सगळ्यात खाली 'केम' येतं. मी ते पुसते. पुढच्या वेळी पुन्हा येतं.

परवा माझी नवी इंजिनिअर म्हणाली, "मॅडम, हे केम काय आहे? त्या जुन्या फाइलीत बाकी सगळं पूर्ण आहे, हे एकच लाल दिसतंय. ताबा देऊन झालाय, म्हणजे कशासाठी थांबलंय तेही नाही. पुसू का कायमचं?"

मी पडद्याकडं बघत राहिले. खरंच, त्याच्या मागं काही अडलेलं नव्हतं. मीच काय ती लाइनीवर उभी होते.

"नको," मी म्हटलं आणि फोन लावला.

"बोला, कंट्रोल. दहा चाळीस." आवाज पातळ झाला होता.

"केमला न्यायला येते उद्या. पण हे बघा, त्या बैठकीत तुम्ही केलंत ते चूकच होतं. एवढं मान्य करा, मग नेते."

"नाही करणार," ते म्हणाले.

"मग निदान येताना माढ्याला चिंचेखाली थांबायचं."

"तेवढं जमेल."

केमचा फलाट लांब आणि रिकामा होता. बाहेरच्या टपरीवर एक बाई उभी होती, तळवे कुंकवानं लाल झालेले. मी चहावाल्याला हळूच विचारलं, पूर्वी इथं, पुष्कळ वर्षांपूर्वी, एक अवघडलेली बाई गाडीची वाट बघत होती, कुणाला आठवतं का? तो म्हणाला, "हितं कायबाय होतच असतंय ताई. किती जन ध्यानात ठिवायचं?"

त्यांनी कुणाला काहीच विचारलं नाही. बाकावर बसले, हात मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले. ऊन रुळांवर चमकत होतं आणि लांबच्या टोकाला रूळ पाण्यात बुडाल्यासारखे दिसत होते. मला वाटलं, ते आता बोटानं हवेत रेघ ओढतील. ओढली नाही. ते पहिल्यांदाच त्या रेघेच्या आत बसले होते.

एक बाई आली, नवऱ्याला धरून. त्याचा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला.

"बाबा, कुर्डुवाडीची गाडी टायमात हाय का वो? दवाखान्यात न्यायचंय ह्यास्नी."

ते दचकले. मी पुढं होऊन काहीतरी सांगणार होते, त्यांनी हात वर केला. उठले, काठी टेकत टेकत स्टेशन मास्तरच्या खिडकीपर्यंत गेले, विचारून परत आले. एवढ्याला त्यांना बराच वेळ लागला. ती बाई तशीच उभी होती.

"पन्नास मिनिटं उशीर आहे," ते म्हणाले. "जास्तही होईल. त्याच्या भरवशावर बसू नका."

"मग वडापची जीप बघतो आमी. बरं झालं बाबा, सांगितलं ते."

नवरा-बायको फलाट उतरून गेले. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला, मग लांब गेला, मग उसाच्या मागं विरून गेला. तोवर ते त्याच दिशेला बघत होते. ओठ हलत होते. डबे मोजावेत तसे.

मला काही म्हणायचं होतं. त्या बाईनं 'बरं झालं सांगितलं' हे इतक्या सहज म्हटलं होतं, मुख्याध्यापिकांनीही म्हटलं होतं. मला चार वर्षांत जमलं नव्हतं. अजूनही जमलं नाही. दुसरी इमारत मलाच मिळायला हवी होती, हे मी आजही म्हणते.

ते बाकावर टेकले आणि मनगट डोळ्यांजवळ नेलं.

"चार बावीस," म्हणाले आणि थांबले.

मी माझं घड्याळ बघितलं. त्यांच्या सांगण्यावरून लावलं होतं, तेव्हापासून एक मिनिटही चुकलं नव्हतं.

"हो काका," मी म्हटलं. "चार बावीस."